क्षमा केली म्हणतेस, पण बोललीस का?

प्रिय सोनू,



तू लिहितेस, "मावशी, मी त्यांना क्षमा केली आहे, पण त्या देवळाची पायरी आता चढणार नाही." यातल्या दुसऱ्या भागाची मला घाई नाही. सध्या तू दुसऱ्या मंडळीत उपासनेला जातेस, जात राहा. मी अडले ती पहिल्या भागाशी. ज्या माणसाशी त्या दिवसापासून तू एक शब्द बोलली नाहीस, आपण कुणाला एवढं दुखावलं याची ज्याला कदाचित कल्पनाही नाही, त्याला क्षमा केली म्हणजे तू नेमकं काय केलंस? मला विचारशील तर तू गप्प बसलीस, बाकी काही नाही. गप्प बसणाऱ्या बाईला आपल्या मंडळ्यांमध्ये लगेच 'फार आत्मिक आहे हो' म्हणतात. दोन-चार जणींनी तुलाही तसं म्हटलं असणार, आणि ते ऐकायला बरं वाटलं असणार.

हे पत्र छापायला देऊ का असं विचारलं तेव्हा तू हो म्हणालीस. तरीही गाव, मंडळी आणि त्या पंचांचं नाव यातलं काही मी इथे घालणार नाही. का घालणार नाही, ते पुढे येईलच. घडलं ते एवढंच सांगते: वार्षिक सभा होती, तुझ्याकडे असलेला नाताळच्या गायनाचा हिशोब निघाला, आणि एक ज्येष्ठ पंच भर सभेत उठून म्हणाले की पावत्या कुठे आहेत, आणि ज्यांना स्वतःचं घर टिकवता आलं नाही त्यांच्या हाती मंडळीचा पैसा द्यायचाच कशाला.

या बोलण्याचे आधी दोन तुकडे कर. तू ते एकत्रच गिळलं आहेस, म्हणून ते पोटात दुखतंय.

पहिला तुकडा पावत्यांचा. तो अपमान नव्हता. ते सभासद आहेत, सभा हिशोबाची होती, आणि हिशोब विचारणं हा त्यांचा हक्क होता. यरुशलेमच्या गरीब विश्वासणाऱ्यांसाठी पौलाने मंडळ्यांमधून वर्गणी गोळा केली तेव्हा ती न्यायला त्याने मुद्दाम दुसरी माणसं बरोबर घेतली. एवढ्या मोठ्या रकमेवरून कुणाला बोट दाखवायला जागा राहू नये, देवापुढे जसं स्वच्छ राहायचं तसंच माणसांपुढेही, असं त्याने करिंथकरांना स्पष्ट लिहून कळवलं. पौलाला चौकशीचा राग आला नाही, तो चौकशी गृहीत धरून चालला. तुझ्याकडे पावत्या होत्या, फाईल घरी राहिली होती. 'पुढच्या रविवारी आणते' एवढं म्हटलं असतं तर तो विषय तिथेच मिटला असता.

दुसरा तुकडा तुझ्या घटस्फोटाचा. तो मात्र अपराध आहे, आणि त्याला मी अपराधच म्हणेन. 'त्यांचं वय झालंय', 'त्यांच्या मनात तसं नव्हतं', 'ते सगळ्यांनाच बोलतात' असली मलमपट्टी मी करणार नाही. तुझ्या आयुष्यातलं सर्वांत दुखरं पान त्यांनी सभेत हत्यार म्हणून वापरलं. ते चूक होतं.

हा फरक कळला नाही की माणूस दोन्हीकडून फसतो. कुणी साधा प्रश्न विचारला तरी आपण दुखावतो, आणि कुणी खरोखर घाव घातला तर 'जाऊ दे, ख्रिस्ती माणसाने मनावर घेऊ नये' म्हणतो. नीतिसूत्रांत दुसऱ्याच्या अपराधाकडे दुर्लक्ष करणं हे माणसाचं भूषण म्हटलं आहे, ते खरंच आहे. मंडळीतल्या निम्म्याहून अधिक तक्रारी त्याच खात्यात टाकण्यासारख्या असतात. कोण आधी सलाम करत नाही, कुणाचं नाव आभारप्रदर्शनात राहिलं, वाढदिवसाच्या प्रार्थनेत कुणाला विसरले. हे सोडून द्यायचं, आणि सोडलं की सोडलं. खरंच सोडलं की नाही याची माझी एक साधी कसोटी आहे: ती गोष्ट तिसऱ्या माणसाला सांगायची इच्छा होते का? होत असेल तर ती सुटलेली नाही.

आणि तू सांगतेस, सोनू. तोंडाने नसेल, पण मोबाइलवर सांगतेस. तुझे स्टेटस मी बघते. शत्रूंच्या देखत मेज मांडण्याचं तेविसावं स्तोत्र, मग सूड घेणं माझ्याकडे आहे असं देव म्हणतो ते वचन, मग यहूदाच्या चुंबनाचं चित्र. ज्यांच्यासाठी ते लावतेस त्यांनी ते पाहिलं की नाही हेही तू पुन्हा पुन्हा उघडून बघत असशील. देवाचं वचन असं गोफणीत घालून फेकायचं नसतं. त्यापेक्षा त्यांच्या दारात जाऊन दोन शब्द सुनावलेस तर ते अधिक शास्त्राला धरून होईल.

मत्तयाचा अठरावा अध्याय आपण सगळे पाठ म्हणतो आणि पाळत मात्र कुणी नाही. तुझ्या भावाने तुझा अपराध केला तर तू जा, तुम्ही दोघंच असताना त्याला त्याचा दोष दाखव. ऐकलं नाही तर एक-दोघांना बरोबर ने. तरीही ऐकलं नाही तर मंडळीला सांग. क्रम इतका साधा आहे. यात दुखावलेल्याने जायचं आहे, दुखावणाऱ्याने यावं म्हणून वाट बघायची नाही. हे अन्यायाचं वाटतं खरं. पण उलट बाजूही प्रभूने मोकळी सोडलेली नाही: अर्पण घेऊन वेदीपाशी आलास आणि भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे असं आठवलं, तर अर्पण तिथेच ठेव आणि आधी जाऊन समेट कर, असं डोंगरावरच्या प्रवचनात आहे. दोघांनीही आपापलं वाचलं असतं तर दोघं वाटेतच भेटली असती.

आपल्याकडे मात्र पहिल्या पायरीच्याही खाली एक पायरी निघाली आहे, ती शास्त्रात कुठेच नाही. तिचं नाव 'प्रार्थनेचा विषय'. "ताई, कुणाला सांगू नका हं, फक्त प्रार्थनेसाठी सांगते" अशी सुरुवात होते आणि आमेन होईपर्यंत अर्ध्या तालुक्याला कळलेलं असतं. महिला मंडळात हे चालतं, पुरुषांच्या बैठकीतही चालतं; ते त्याला 'चर्चा' म्हणतात, एवढाच फरक. हेच पुढे वाढत वाढत कोर्टापर्यंत जातं. मंडळीच्या जागेवरून, ट्रस्टवरून, निवडणुकीवरून वर्षानुवर्षं चालणारे दावे तू ऐकले आहेस. त्यातल्या अनेकांच्या मुळाशी कधीतरी कुणीतरी कुणाच्या तरी घरी गेलं नाही, एवढीच गोष्ट असते. म्हणूनच या पत्रात त्या पंचांचं नाव नाही. तू त्यांच्याशी एकटी बोलण्याआधी मी ते छापलं, तर पहिली पायरी मीच मोडली असं होईल.

आता तुझा खरा आक्षेप. 'एका गालावर मारलं तर दुसरा पुढे करायचा, मग मी बोलायचं कसं?' अगं, ज्याने ते शिकवलं त्याच्याच गालावर चापट बसली होती. हन्नाच्या घरी चौकशी चालू असताना तिथल्या एका कामदाराने प्रभूला मारलं. तेव्हा त्याने गाल पुढे करून मौन पाळलं असं योहान लिहीत नाही. त्याने विचारलं, मी वाईट बोललो असेन तर ते सिद्ध कर, आणि बरोबर बोललो असेन तर मला का मारतोस? त्याने हात उचलला नाही, शिवी दिली नाही, पण प्रश्न मात्र सरळ त्या माणसालाच विचारला. पौलाचंही बघ. फिलिप्पैमध्ये त्याला आणि सीलाला चौकशीशिवाय भर चौकात छड्यांनी मारून तुरुंगात टाकलं. सकाळी अधिकाऱ्यांनी निरोप धाडला, सोडून द्या त्यांना. पौल म्हणाला, असं चोरून जाणार नाही. आम्ही रोमी नागरिक आहोत, आम्हांला उघडपणे मारलंत, आता स्वतः येऊन बाहेर काढा. आणि ते आले, विनवण्या करत आले. यात पौलाचा ताठा होता असं मला वाटत नाही. त्या गावात लुदियेच्या घरी नुकतीच एक लहानशी मंडळी उभी राहिली होती. पौल निघून जाणार होता, पण ती माणसं तिथेच राहणार होती. अधिकाऱ्यांना स्वतःची चूक उघडपणे मान्य करावी लागली, याचा उपयोग पौलापेक्षा त्यांनाच जास्त झाला असणार. तुझ्या मंडळीतही तुझ्यासारख्या आणखी दोघी-तिघी आहेत. तू गप्प बसलीस तर पुढच्या सभेत त्यांचा नंबर लागेल.

तुला आपल्यातलंच उदाहरण हवं असेल तर पंडिता रमाबाईंकडे जा. त्यांच्याविषयी आपण केडगाव, दुष्काळ आणि मुक्ती मिशन एवढंच सांगतो, आणि भिंतीवर त्यांचा पांढऱ्या साडीतला शांत फोटो लावतो. त्या शांत होत्याच, पण त्यांची पत्रं वाचलीस तर चकित होशील. 29 सप्टेंबर 1883 रोजी इंग्लंडात वाँटेजला त्यांचा बाप्तिस्मा झाला. तिथल्या मठातल्या सिस्टर जेराल्डिन या त्यांच्या धर्ममाता. आणि पुढची काही वर्षं या दोघींमध्ये जो पत्रव्यवहार झाला तो लोण्यासारखा मऊ नाही. रमाबाई मांस-अंडी खात नव्हत्या. त्यात जातीचा जुना अभिमान शिल्लक आहे असा सिस्टरांचा आरोप. क्रुसावर लॅटिन शब्द का, मला आणि माझ्या देशबांधवांना न समजणारी भाषा कशाला, संस्कृत का चालू नये, हा रमाबाईंचा प्रश्न. रमाबाईंनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावं अशी कल्पना निघाली तेव्हा हिंदुस्थानातल्या बिशपांनी हरकत घेतली, त्यामुळे त्यांच्या मायदेशातल्या कामाला बाध येईल असं कारण दिलं. ज्या बाईने लहानपणापासून गावोगावी सभांमध्ये पुराणं सांगितली, कलकत्त्याच्या पंडितांनी जिला 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हटलं, तिला हे कसं लागलं असेल! आणि ते लागलं हे त्यांनी लपवलं नाही. माझ्या विवेकाचा कारभार मी दुसऱ्या कुणाच्या हाती देणार नाही, हा त्यांच्या उत्तरांचा सूर होता.

मला यातली एक गोष्ट फार मोलाची वाटते. ही सगळी भांडणं ज्यांच्याशी चालली होती त्या सिस्टर जेराल्डिनना रमाबाई 'आजीबाई' म्हणत. त्रैक्यावरून आणि मंडळीच्या अधिकारावरून त्यांनी दोन हात केले, मुलगी मनोरमा हिच्या धर्मशिक्षणावरूनही ताणाताणी झाली, पण 'आजीबाई' हा मायना तुटला नाही आणि पत्रंही तुटली नाहीत. रमाबाईंची ती पत्रं आज आपल्याला वाचायला मिळतात ती त्याच सिस्टर जेराल्डिननी जपून एकत्र केली म्हणून. ज्या पत्रांत स्वतःवर टीका आहे ती पत्रं जपून ठेवणारी बाईही साधी नव्हती. 1977 साली महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने तो पत्रव्यवहार पुस्तकरूपाने काढला. इंग्रजीत आहे, पण तुला जमेल.

मग पुण्याचं प्रकरण. 1893 साली रमाबाईंच्या शारदा सदनावर, विधवा मुलींसाठीच्या त्यांच्या शाळेवर, वादळ आलं. रमाबाई विधवा मुलींना बाटवतात म्हणून 'केसरी'ने झोड उठवली. त्याहून लागणारी गोष्ट अशी की सल्लागार मंडळावरची आपली वाटणारी माणसं, रानडे, भांडारकर यांच्यासारखी, राजीनामा देऊन बाजूला झाली. पालक आपापल्या मुली काढून घेऊन गेले. हिंदू समाज एकीकडे तुटला, आणि इकडे चर्चवाल्यांच्या मते रमाबाई पुरेशा आज्ञाधारक नव्हत्या. अशा दोन्ही बाजूंनी मार खाल्लेल्या बाईने काय केलं? आपली बाजू मांडली आणि काम चालू ठेवलं. 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतातून उपाशी मुली आणल्या, केडगावच्या माळावर मुक्ती उभी केली, आणि शेवटच्या वर्षांत मूळ हिब्रू-ग्रीकवरून साध्या मराठीत बायबल उतरवण्याचं काम एप्रिल 1922 मध्ये डोळे मिटेपर्यंत केलं. ही सगळी कामं रागाला उत्तर म्हणून केली असती तर इतकी टिकली नसती, असं माझं मत. आपल्यावर झालेल्या अन्यायाची जपमाळ ओढत बसायला त्यांना फुरसतच नव्हती.

तुला वाटेल मावशी मोठी माणसं दाखवून मला गप्प करतेय. नाही. उलट मोठ्या माणसांचंही कुठे बिनसतं तेही सांगते. दावीद अबशालोमापुढे पळत होता तेव्हा शौलाच्या घराण्यातला शिमी वाटेने शिव्या देत, दगडमाती फेकत चालला होता. अबीशय म्हणाला, जाऊन त्याचं डोकं उडवतो. दावीदाने थांबवलं, शाप देऊ दे त्याला, कदाचित परमेश्वरानेच सांगितलं असेल, म्हणाला. राज्य परत मिळाल्यावर शिमी पाया पडायला आला, तेव्हाही दावीदाने शपथ घेऊन त्याला जिवाचं अभय दिलं. इथवरची गोष्ट संडे स्कूलमध्ये शिकवतात. पुढचं 1 राजे दुसऱ्या अध्यायात आहे आणि ते कुणी शिकवत नाही. मरणाच्या बिछान्यावर दावीद शलमोनाला सांगतो, त्या शिमीला विसरू नकोस, त्याचे पिकलेले केस रक्ताने माखून अधोलोकात पाठव. काही जण म्हणतात तो राजकारणाचा हिशोब होता, नव्या राजाचं आसन पक्कं करायचं होतं. असेल. मला मात्र वाचताना दरवेळी वाटतं, एवढी वर्षं ते त्याच्या आत होतं. शपथ पाळली, हात आवरला, आणि शब्द न् शब्द लक्षात ठेवला. तू आत्ता जे करतेस त्याला 'क्षमा' म्हणत राहिलीस तर वीस वर्षांनी तुझ्या मुलाला तू कुणाचं नाव सांगशील, याची मला काळजी आहे.

पेत्राने विचारलं, किती वेळा क्षमा करू, सात वेळा? आणि प्रभूने त्याला साताच्या सत्तर पट सांगून तो निर्दय चाकराचा दाखला दिला. त्या दाखल्यातले आकडे आपण नुसते 'खूप' आणि 'थोडे' असे वाचतो. एक तालंत म्हणजे साधारण सहा हजार दीनार, आणि एक दीनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. म्हणजे राजाने चाकराला माफ केलेले दहा हजार तालंत 6 कोटी दिवसांच्या मजुरीइतके. वर्षाला तीनशे दिवस काम धरलं तर दोन लाख वर्षांची कमाई. कुणी फेडू शकेल असं ते कर्जच नव्हतं, ऐकणारे हसले असतील. पण सोबत्याकडून त्या चाकराला येणं असलेले शंभर दीनार? ते शंभर दिवसांचे आहेत. तीन महिन्यांहून अधिक घर चालेल एवढे. प्रभूने 'दोन पैसे' म्हटलं नाही. तुझ्याविरुद्ध जो अपराध झाला तो प्रभूच्या हिशोबातही खरा आहे, तो शून्य नाही. पाळकसाहेब तुला 'छोटी गोष्ट आहे, सोड' म्हणाले ना? त्यांनी दाखला नीट वाचलेला नाही. गोष्ट छोटी नाही. तरी ती सोडायची आहे, कारण आपल्या नावावर जे माफ झालंय ते मोजता येत नाही. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी मनात धरायच्या असतात. अवघड आहे, मला कळतं.

पण सोडणं आणि विश्वास पुन्हा टाकणं यात अंतर आहे. योसेफाने भावांना क्षमा केली, गळ्यात पडून रडला, गोशेनात जमीन दिली. पण त्याआधी त्याने त्यांना चांगलंच पारखलं. शिमोनाला ठेवून घेतलं, बन्यामिनाच्या गोणीत पेला लपवला, आणि यहूदा भावाच्या जागी स्वतः गुलाम व्हायला तयार झाला तेव्हाच ओळख दिली. तू लगेच जाऊन पुन्हा पेटीपुढे बसावंस, नाताळचा गल्ला सांभाळावास, असं माझं म्हणणं नाही. ते हळूहळू होईल, कदाचित होणारही नाही.

आणि एक गोष्ट अगदी वेगळी करून सांगते, कारण हे पत्र इतरही वाचणार आहेत. मी बोलतेय ते टोमण्याबद्दल, अपमानाबद्दल, अन्यायाच्या शब्दांबद्दल. घरात मारहाण होत असेल, कुणी लहान मुलाच्या अंगाला हात लावला असेल, कुणी मंडळीचा पैसा खाल्ला असेल, तर तिथे 'आधी एकटी जाऊन बोल' हा सल्ला देणारा माणूस बाईला आगीत ढकलतो. तिथे पोलीस स्टेशन आहे, कायदा आहे, आणि त्याचं भय दुष्टांना वाटावं अशी देवाचीच योजना आहे असं पौल रोमकरांना लिहितो. क्षमेच्या नावाखाली गुन्हा झाकणाऱ्या मंडळ्यांना माझ्याकडून माफी नाही. हं, वाक्य बघ कसं झालं! पण ते तसंच राहू दे.

तर आता काय करायचं. आधी ते स्टेटस काढ. मग पावत्यांची फाईल खजिनदारांकडे दे आणि पोच घे; हिशोबाचा तुकडा तिथे संपला. तो त्या पंचांकडे नेऊ नकोस, नाहीतर अर्धा तास पावत्यांवरच जाईल आणि खरा मुद्दा राहील. मग एकटी त्यांच्या घरी जा. फोनवर नको, मेसेज तर नकोच, आणि रविवारी उपासनेनंतर चिंचेखाली सगळे उभे असताना तर अजिबात नको. लांबलचक बोलायची गरज नाही. 'काका, हिशोब विचारलात त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही, तो मी दिला आहे. पण माझ्या संसाराबद्दल सभेत जे बोललात ते मला फार लागलं. ते तुम्ही बोलायला नको होतं.' एवढंच. 'नेहमी' आणि 'सगळे म्हणतात' हे शब्द टाळ. वीस वर्षांपूर्वी त्यांनी तुझ्या बाबांना काय म्हटलं होतं तेही काढू नकोस, त्याचा हिशोब बाबा आणि प्रभू बघून घेतील.

ते नरमले तर एक गोष्ट मात्र माग. पेत्र अंत्युखियात परराष्ट्रीयांबरोबर जेवायचा थांबला तेव्हा पौलाने त्याला सगळ्यांसमोर बोल लावला, कारण नुकसान सगळ्यांसमोर झालं होतं. तुला ओरडायचं नाही. पण जे सभेत बोललं गेलं ते सभेतच मागे घेतलं पाहिजे, एका वाक्यात का होईना. घरी चहा पिता पिता 'सोड गं पोरी' म्हटल्याने तुझ्या मागे बसलेल्या त्या दोघी-तिघींना काही कळणार नाही. हे मागणं म्हणजे सूड नव्हे, त्यामुळे मागताना आवाज खाली आणायची गरज नाही.

आणि ते उलटच चिडले तर? मग दुसरी पायरी. एक-दोन माणसं न्यायची. ती तुझ्या बाजूची नकोत, दोघांनाही मानणारी हवीत. म्हणून मी चालणार नाही. निवृत्त हेडमास्तर आहेत ना तुमच्याकडे, त्यांना विचार. तेही नाही जमलं तर तिसरी. आणि तेही नाही जमलं तर पौल आणि बर्णबा आठव. मार्काला बरोबर न्यायचं की नाही यावरून त्यांची इतकी जुंपली की दोघं वेगवेगळ्या वाटांनी गेले, एक कुप्राला, दुसरा सूरियाकडे. कोण बरोबर होतं ते लूक सांगत नाही, आणि मीही कितीदा वाचून ठरवू शकलेले नाही. पण पुढे कलस्सैकरांच्या पत्रात मार्क पौलाजवळ आहे, आणि तीमथ्याला शेवटचं पत्र लिहिताना पौल म्हणतो, मार्काला घेऊन ये, तो मला सेवेसाठी उपयोगी आहे. त्यामुळे शेवटी तू त्या नव्या मंडळीतच राहिलीस तरी मी तुला पळपुटी म्हणणार नाही. तू बोलून गेलीस की न बोलता गेलीस, एवढंच मी विचारेन.

जाण्याआधी त्यांच्यासाठी प्रार्थना कर, हे सांगायला हवं का? सांगतेच. आणि ती खोटी गोड करू नकोस. पंचावन्नावं स्तोत्र उघड. ज्याच्याबरोबर देवाच्या मंदिरात चालत होतो त्या जवळच्या माणसाने घात केला, म्हणून दावीद तिथे चांगलाच चिडून बोलतो. देवापुढे चिडून घेतलंस तर माणसापुढे आवाज कापणार नाही. मग त्यांच्या गुडघ्यांसाठीही प्रार्थना कर. यंदा जिना चढताना त्यांना फार त्रास होतो असं ऐकलं. आधी यांत्रिक वाटेल. वाटू दे.

बुधवारी संध्याकाळी ते घरीच असतात, तुझ्या आईने सांगितलं. प्रार्थनासभा सातला सुरू होते, तेव्हा पाचपर्यंत पोच. सभेनंतर जाऊ नकोस, तेव्हा त्यांच्या ओट्यावर माणसं थांबलेली असतात. आणि काय झालं ते रात्री कितीही उशीर झाला तरी फोन करून सांग, मी जागी असेन.

तुझी,
मावशी